कधीपासून, कुठवर

शनिवारी बाराला शटर. पावणेबाराला केलन येतो.
बाहेर व्हायाला शहर पंचेचाळीस अंशांत,
पोलाद-कारखान्याची लाल धूळ त्याच्या भुवयांवर.
"एकाहत्तरचा थर्मोस्टॅट आहे?"

आहे. मागच्या फळीवर, पंख्याच्या पट्ट्यांपलीकडे, आठ.
उन्हाळ्यात कलिंगडासारखे खपतात.
पण नेव्हेंका स्टुलावरून उठत नाही.
"काय काय केलंयस गाडीला?"

तो एकेक बोट मोडतो: सुपरचार्जर, कॅम,
मोठे इंजेक्टर, एग्झॉस्ट मागपर्यंत.
"आणि रेडिएटर?"
अंगठा उरतो, तो खिशात जातो.
"कंपनीचाच."

"तापते कधी? पोर्ट ऑगस्टाच्या रस्त्यावर, की सिग्नलला?"
"सिग्नलला. काटा एकशे आठ."
"सुटल्यावर?"
"उतरतो."
नेव्हेंका चष्मा कपाळावर चढवते.
आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

लग्नाच्या पहिल्या वर्षी ड्राझेननं
सार्माच्या भांड्यात पाणी तापत ठेवलं होतं,
शिवणाच्या दोऱ्यानं दोन थर्मोस्टॅट आत सोडलेले,
शेजारी तिचा जॅमचा तापमापक.
ती कमरेवर हात ठेवून उभी. भांडं तिच्या आईचं.
"थांब," तो म्हणाला, "आत चिमूटभर मेण आहे. बघ."

एकाहत्तरला पहिल्यानं डोळा किलकिला केला.
दुसरा घट्ट मिटलेला.
ऐंशी. शहाऐंशी. तळाशी बुडबुडे,
कमरेवरचा हात कधी खाली आला तिला कळलं नाही.
एक्क्याण्णवला दुसऱ्याची फट, केसाएवढी.
मग त्यानं गॅस मोठा केला, पाणी खळखळलं,
आणि दोन्ही दारं सताड.
"आता सांग, यातला एकाहत्तरचा कोणता?"
तिला सांगता आलं नाही.
महिनाभर सार्माला ग्रीसचा वास येत होता.

दार ठरवतं कधीपासून.
कुठवर, ते दाराच्या हातात नसतं.

"पंखे बघ आधी," ती केलनला म्हणते, "एक मेला असेल."
"फोरमनच्या गाडीत एकाहत्तरचाच आहे."
यावर दुकानदारानं काय बोलावं?
"बावीस डॉलर. पावती जपून ठेव."

जुलैत तो परत आला. सकाळ चार अंशांची.
मागच्या सीटवर टिली, चार वर्षांची,
लोकरीची टोपी कानांखाली ओढलेली,
काचेवर तिच्या श्वासाचं धुकं.
काटा अडुसष्टच्या वर जात नाही,
हीटर नुसता फुंकतो, पेट्रोल मोजवत नाही,
ऑइलच्या झाकणाखाली दह्यासारखं पांढरं काहीतरी.

"उन्हाळ्यात तापली का पुन्हा?"
"नाही. पण पंखा मेलेलाच होता. तोही बदलला."
"कधी?"
"त्याच दिवशी."
नेव्हेंका एवढंच म्हणते, "हं."

लागतोही कुणाला एकाहत्तरचा. शर्यतीत उतरतात,
रेडिएटर दारासारखा रुंद, ट्यून त्याच हिशेबानं बांधलेलं,
त्यांना ती न विचारता काढून देते.
तुला टिलीला बालवाडीत सोडायचंय, केलन,
आणि इंजिनालाही थंडी वाजते.

एक्क्याण्णवचा तिनं पावतीवर बदलून दिला,
जे नियमात बसत नाही.
तासाभरानं त्यानं बॉनेट लावलं, हात पुसले.
जुना काउंटरवर पडून होता, चिकट, मिटलेला.
"हे काय आहे?" टिलीनं विचारलं.
"दार," नेव्हेंका म्हणाली. तिनं तो फडक्यानं लख्ख पुसला.
"मुठीत घट्ट धर. गरम झालं की उघडतं."

गाडी वळली तेव्हा मागच्या काचेत
दोन्ही हातांची एक मूठ दिसत होती, हनुवटीखाली धरलेली.
सदतीसला काही ते उघडणार नाही,
पण तेवढं तिनं सांगितलं नाही.